रशियन पोरी आणि पाय धुवायचं पाणी

"आरं सोड की तिला, मुडद्या! बघतोयस काय टकामका?"

बाहेरच्या खोलीतून कृष्णात गरजला आणि स्वयंपाकघरात बनाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. तिला असा वैताग आला म्हणता! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि हा माणूस करत काय होता!

छातीत कळ येऊन कृष्णात दवाखान्यात पडून आला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की ह्यांना बातम्या दाखवायच्या नाहीत, कुस्ती दाखवायची नाही आणि पेठापेठांतल्या चुरशीचा फुटबॉल तर अजिबात नाही. रक्त तापेल असं काहीच नको. म्हणून धैर्यशीलनं, पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकानं, घरातली केबल काढून टाकली आणि एक खोका आणून ठेवला. त्याच्या ऑफिसातल्या कुणा साहेबानं घर बदलताना तो ह्याच्या गळ्यात मारला होता. आत डीव्हीडीचा प्लेअर आणि रशियन बॅलेच्या डीव्हीडी. "आबा, ह्यात कुणी बोलतच नाही," धैर्यशील म्हणाला. "नुसतं संगीत आणि नाच. डोकं शांत राहील बघा."

डोकं शांत! अहो, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला गडी तो. हॉर्नपेक्षा ह्याचाच आवाज मोठा. समोरची माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या वाटचं हाच बोलायला लागला. राजाचा पोरगा घट्ट विजार घालून आला की, "आरं, वर टावेल तरी गुंडाळ की, बायामानसं बसल्यात." पोरी अंगठ्याच्या टोकावर तुरुतुरु पळाल्या की, "ह्यास्नी कुनी दूध पाजतंय का न्हाय? बरगड्या मोजून घ्या." आणि पोरगीनं उडी मारली न् गड्यानं तिला अलगद वरच्या वर झेलली, की मात्र हा मांडीवर थाप मारून म्हणणार, "वा रं पठ्ठ्या! ताकद हाय!"

एवढ्यावर भागलं असतं तर बनाबाईनं कानात बोळे घातले असते. पण ह्या नाचांची एक खोड होती. खोक्यातल्या बहुतेक डीव्हीडींत शेवटाला पोर मरायचीच. कुणी फसवली म्हणून, कुणी शाप दिला म्हणून, काही ना काही होऊन पांढऱ्या झग्यातली ती पोर आडवी व्हायची. आणि ती आडवी झाली रे झाली की कृष्णात उठायचा. रिमोटनं टीव्ही बंद करायचा. हात जोडायचा. मग मोरीत उभा राहून हाळी, "बने, पानी आन!"

मयतीला जाऊन आल्यासारखे पाय धुवायचे, चूळ भरायची, दारातल्या कडुनिंबाचं पान चावायचं, आणि मगच चहाला शिवायचं. ह्यात कधी खंड नाही.

"अवो, ती नाच करनारी बाई हाय!" बनाबाईनं सुरुवातीला कितीदा सांगून पाहिलं.

"मरान ते मरान. डोळ्यादेखत तरनीताठी पोर गेली आन् मी तसाच च्या ढोसू? आपल्यात काय रीत हाय का न्हाय?"

एकदा शेजारची चिमणाबाई कुंपणावरून हे बघत होती. कृष्णात तोंडात निंबाचं पान घेऊन उतरल्या चेहऱ्यानं उभा. ती घाबऱ्या घाबऱ्या आली. "बनाक्का, कोन गेलं वो?"

"रशियातली गेली," बनाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसरं काय सांगणार, कप्पाळ?

पण तिचा खरा वैताग पाण्याचा नव्हता. खरा वैताग असा, की परक्या मुलखातल्या परक्या पोरींसाठी ह्या माणसाचे डोळे भरून येत होते, आणि स्वतःच्या पोटच्या पोरीचं नाव घरात काढायची चोरी होती.

तेजस्वी त्यांची धाकटी. तिनं गडमुडशिंगीच्या प्रसेनजीत कांबळेशी रजिस्टर लग्न केलं. पोरगा बँकेत, निर्व्यसनी, बोलायला गोड. पण कांबळे म्हटल्यावर कृष्णातचं डोकं जे फिरलं ते फिरलं. भावकी काय म्हणेल, गावाकडं तोंड कसं दाखवू, हेच एक. तेजस्वी दारात पेढे घेऊन उभी होती, आणि हा भर दुपारी परसातल्या बॅरलजवळ गेला, कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "मेली मला! केली तिच्या नावानं आंगुळ!" पोर पेढ्याचा बॉक्स उंबऱ्यावर ठेवून गेली. ती आजतागायत आली नव्हती.

आता तिला मुलगी झाली होती. येत्या रविवारी गडमुडशिंगीला बारसं होतं. बनाबाई चोरून फोनवर बोलायची, दुपारी म्हातारा घोरायला लागला की. तेजस्वी परवा म्हणाली होती, "आई, तू येशील गं, मला माहीत आहे. चोरून येशील, चोरून जाशील. पण मला तसं नको. आबांना घेऊन ये. नाहीतर तूही नको येऊस. माझ्या लेकीची आजी चोरासारखी आलेली मला चालणार नाही."

बनाबाईनं कुंची शिवली होती, दुपटं शिवलं होतं. दोन्ही तांदळाच्या डब्यात तळाशी दडवलं होतं. रोज भाताला तांदूळ काढताना बोटांना ते मऊ लागायचं.

शुक्रवारी कृष्णातनं एका नावाड्याच्या पोरीचा बॅले लावला. गोष्ट न बोलताच कळत होती. पोरीचं मन नदीपल्याडच्या पोरावर, बाप आडवा, गाव हसतंय. बाप तिला हाताला धरून फरफटत घरात नेतो, दाराला कडी घालतो, आणि पोर मागच्या बाजूनं पळून जाऊन नदी जवळ करते. निळं कापड हललं, त्यात पोर गडप झाली, आणि मग काठावर आणून निजवली.

कृष्णात टीव्हीकडं बोट रोखून ओरडला. "बाप हाय का कसाई? चार मानसं काय म्हनतील म्हनून लेकीला मारतोय! थू तुझ्या जिनगानीवर!"

बनाबाई पिठाच्या हातानं दारात आली. "काय म्हनालासा? परत म्हना."

"त्या नावाड्याला म्हनालो."

"आन् तुमी वो?"

कृष्णातनं तिच्याकडं बघितलं नाही. "ते येगळं," म्हणाला.

येगळं! बनाबाईच्या अंगाची नुसती लाही झाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतंय, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ह्याला दिसेना! तो उठला, रिमोट दाबला. टीव्ही काही बंद होईना. रिमोट तळहातावर दोनदा आपटला, "ह्याच्या मारी," म्हणून कॉटवर भिरकावला आणि मोरीत गेला. "बने, पानी!"

तिनं तांब्या उचलला. जाता जाता सहज तिची नजर टीव्हीकडं गेली, आणि ती जागच्या जागी थांबली.

पोर उठली होती. मेलेली पोर चांगली उभी राहिली होती आणि हसत होती.

"बने, झोपलीस काय?"

"आले," ती म्हणाली आणि तांब्या नेऊन दिला. पोर उठल्याचं मात्र सांगितलं नाही. सांगून ऐकणारा असता तर गोष्ट वेगळी. ह्या माणसाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं आपल्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

शनिवारी तिनं स्वतःच तीच डीव्हीडी लावली. कृष्णात म्हणाला, "कालच बघितली की ही."

"परत बघा. मला कळली न्हाय नीट."

रिमोट तिनं कनवटीला खोचला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. पुन्हा बाप आडवा आला, पुन्हा पोर बुडाली, पुन्हा काठावर निजवली. कृष्णात डोळे पुसत उठला.

"खाली बसा."

"अगं, पाय धुवायचं..."

"पानी न्हाय."

"हांडा भरल्याला हाय की."

"हांड्याला हात लावायचा न्हाय! बसा म्हनते न्हवं!"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिचा आवाज पहिल्यांदा टँकरच्या वर गेला. कृष्णात गपकन बसला.

पडदा पडला. मग पुन्हा उघडला. आधी गावकरी झालेली पोरं रांगेनं येऊन वाकली. मग नदीपल्याडचा पोरगा आला. आणि मग मागच्या अंधारातून ती बुडालेली पोर पळत पळत पुढं आली, केस तसेच मोकळे, अंगावर तोच ओला दिसणारा झगा. सगळं थेटर उठून टाळ्या वाजवायला लागलं.

"ही... ही बुडाली हुती की," कृष्णात म्हणाला.

"बघा गप."

पोर बाजूला गेली. तिथं तो म्हातारा नावाडी उभा होता, बापाचं काम केलेला. तो काही पुढं येईना. पोरीनं जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला ओढत उजेडात आणला. कुणीतरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. त्यातलं एक फूल काढून तिनं म्हाताऱ्याला दिलं. म्हातारा वाकला. ती पण वाकली.

कृष्णातचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूच म्हणाला, "मेली न्हवती व्हय गं?"

"कवाच न्हाय. दर बारीला उठत हुती. तुमीच थांबत न्हवतासा. ती उठायच्या आत तुमी पाय धुवाय पळत हुतासा." आता ती थांबणार नव्हती. "आन् एक बारीला तर आंगुळच करून मोकळं झालासा. दारात पोर जित्ती हुबी हुती वो! पेढं घेऊन हुबी हुती!"

कृष्णात ताडकन उठला आणि बाहेर जाऊन निंबाखालच्या कट्ट्यावर बसला. भाकरी खायला आला नाही. तिनंही बोलावलं नाही. तिनं तांदळाचा डबा पालथा घातला, कुंची आणि दुपटं झटकून कॉटवर उघड्यावर ठेवलं आणि दारातून म्हणाली, "उद्या बारसं हाय तुमच्या नातीचं. पोरगी म्हनती, दोघं या न्हायतर कुनीच नगं. आता तुमी न्हाय आलासा तर तिथल्या दारात मी एकटी कुठल्या तोंडानं जाऊ, ते तुमीच सांगा."



सकाळी ती चूल-पाण्याला उठली तर कृष्णात मोरीच्या दारात उभा. "पानी तापीव."

"आता कोन मेलं?" ती खेकसली.

"कोन न्हाय," तो म्हणाला. "बारशाला काय बिनआंगुळीचं जाऊ?"

गडमुडशिंगीपर्यंत तो रिक्षावाल्याशी भांडत गेला. खड्ड्यातनं घातलीस, ब्रेक उशिरा मारलास, हॉर्न काय असला पिपाणीसारखा. बनाबाईनं अडवलं नाही. भांडता भांडता तो नव्या सदऱ्याची बटणं परत परत चाचपत होता, ते तिला दिसत होतं.

दारात रांगोळी होती. आत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीला हार, पाळण्याला फुगे, बायकांची गर्दी. प्रसेनजीतची आई सोनूबाई पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली. चेहरा कडक. पेढ्याचा बॉक्स उंबऱ्यावर सोडून आलेली सून तिनं त्या दिवशी घरात घेतली होती, विसरणार कशी? तरी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय ती राहणारी नव्हती.

"या पावनं. पाय धुवा."

कृष्णातनं तांब्याकडं बघितलं आणि मान हलवली. "न्हाय. मला हे पानी नगं."

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. पाळण्याजवळ बाळाला घेऊन उभ्या असलेल्या तेजस्वीचं तोंड पांढरं पडलं. बनाबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. एवढं करून, इथवर येऊन, शेवटी ह्या माणसानं शेण खाल्लंच!

सोनूबाईनं बादली खाली ठेवली. "का नगं, पावनं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, पण धार होती.

"पोरीच्या नावानं लई पानी सांडलंय मी, इनबाई," कृष्णात म्हणाला. आवाज टँकरचा नव्हताच. "मेल्याच्या नावानं पाय धुन्यात जिनगानी गेली. जित्त्याच्या दारात तसलं नगं. द्यायचं तर प्यायचं पानी द्या."

सोनूबाई त्याच्याकडं बघत राहिली. "पानी त्येच हाय," ती म्हणाली. "आमच्यात पायाचं येगळं आन् प्यायचं येगळं नसतंय. एकाच नळाचं."

"मग द्या की त्येच."

तिनं तांब्या पुढं केला. कृष्णातनं दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्याला. निम्मं पाणी हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर सांडलं. तेजस्वी बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

"अवो, सदरा भिजला सगळा," बनाबाई करवादली, आणि पदरानं सदरा टिपता टिपता तिलाच हुंदका फुटला.