जोगदंड बाई आणि इंटरनॅशनल कीबोर्ड

“मशीनला काही झालेलं नाही. झालंय ते बाईंना,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

अण्णा म्हणजे बीडमधल्या एका नर्सिंग स्कूलचे संस्थाचालक. त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं मेंटेनन्स माझ्याकडे होतं. उदारीकरणानंतरची ती वर्षं. नव्या नव्या संस्था निघत होत्या आणि प्रत्येक संस्थेला टेबलावर कॉम्प्युटर हवा होता. माझी महिन्याची फेरी ठरलेली: धूळ काढणे, व्हायरस तपासणे, प्रिंटर पुसणे, सही घेणे. त्या दिवशीचं काम या यादीत बसणारं नव्हतं.

कागद म्हणजे मुलींच्या होस्टेलच्या मंजुरीचा इंग्रजी अर्ज. मुंबईहून परत आलेला. होस्टेलचं नाव ‘अंकुर’, इंग्रजीत दुहेरी अवतरणात घातलेलं. पण सुरुवातीचं अवतरण गायब आणि A च्या डोक्यावर दोन टिंबं: Änkur. खाली ओ’क्लॉकमधला अपॉस्ट्रॉफी नाहीसा होऊन c ला शेपटी फुटलेली: oçlock. तिकडच्या साहेबानं प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला होता.

“मशीनचं असतं तर दर वेळी झालं असतं,” अण्णा म्हणाले. “ही खालची ओळ बघा. प्रिन्सिपल्समधला अपॉस्ट्रॉफी कसा व्यवस्थित आलाय. म्हणजे लक्ष असलं की बरोबर, नसलं की हे असं.”

मुद्दा बिनडोक नव्हता. मलाही क्षणभर पटला.

जोगदंड बाई दारात उभ्या होत्या. नेकनूरहून रोज एसटीनं यायच्या. पाच वर्षं टेम्पररी टायपिस्ट. त्या वर्षी त्यांची जागा कायम व्हायची होती, आणि शिफारस अण्णांच्या हातात होती.

“सर, मी तीनदा टाईप केलं. तीनदा तेच आलं,” त्या मला म्हणाल्या. “माझं बोट नेमकं तिथंच कावून चुकंल? टाईपरायटरवर इतकी वर्षं काढली, कधी असं न्हाई झालं.”

“टाईपरायटरवर तुमी खाडाखोड करून मोकळ्या व्हायच्या,” अण्णा म्हणाले. “इथं कागद मुंबईला जातो.”



मी खुर्चीत बसलो. आधी कीबोर्ड बदलला. बॅगेत एक जास्तीचा असायचाच. तेच झालं. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाईप केलं. तिथंही तेच. म्हणजे कीबोर्डचा दोष नाही, प्रोग्रॅमचा नाही, आणि आता बोटं माझी होती, त्यामुळे बाईंचाही नाही. राहिला लेआउट.

लेआउट म्हणजे कोणती कळ दाबल्यावर काय उमटायचं, हे विंडोजला सांगणारी सेटिंग. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्ड, त्यात लँग्वेज, त्यात प्रॉपर्टीज. आपल्याकडे साधा ‘युनायटेड स्टेट्स’ लागतो. इथं ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ होता. तो युरोपातल्या भाषा लिहिणाऱ्यांसाठी. त्यात अवतरणाची कळ, म्हणजे अपॉस्ट्रॉफीचीही तीच, दाबली की काहीच उमटत नाही. विंडोज पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. मराठी टाईपरायटरवर अनुस्वाराची कळ दाबली की गाडी पुढे सरकत नाही, साधारण तसं. पुढे A आला की त्याच्या डोक्यावर टिंबं बसतात, c आला की शेपटी फुटते. s आला तर काही होत नाही, अपॉस्ट्रॉफी नीट उमटतो. म्हणून काही ओळी चुकत होत्या आणि काही शहाण्यासारख्या वागत होत्या.

“ही सेटिंग कोणी बदलली?” मी विचारलं.

अण्णांचा मुलगा विकी शेजारच्या टेबलावर बसला होता. पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला.

“काय बे, तू केलतं का?” अण्णांनी विचारलं.

“पपा, तिथं दोन होते. एक साधा, एक इंटरनॅशनल. मला वाटलं इंटरनॅशनल भारी असंल.”

मी अण्णांनाच खुर्चीत बसवलं. “शिफ्ट धरून अवतरण दाबा.”

“काहीच न्हाई आलं.”

“आता A दाबा.”

Ä उमटला. अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले, मग खो खो हसले. “आयला, म्हणजे मी पण बेअक्कल!”

सगळे हसले. जोगदंड बाईही हसल्या, तोंडावर पदर धरून. मी लेआउट बदलला, त्यांच्याकडून अर्ज नव्याने टाईप करून घेतला. एकही टिंब नाही. अण्णांनी सही केली, चहा मागवला. “चला, मिटलं,” म्हणाले.

पुढच्या फेरीला खुर्चीत एक नवी मुलगी होती. अण्णांच्या बहिणीची सून. समोर दोन पाहुणे बसले होते, आणि होस्टेलची मंजुरी आल्याचं अण्णा त्यांना सांगत होते.

“आधीच्या बाईंनी अर्ज पार वाया घालवला होता. माणूस बदललं, काम सुधारलं.”

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, “अण्णा, चूक सेटिंगची होती. तुमच्या बोटानं दाखवली. आणि मंजूर झालेला अर्ज जोगदंड बाईंनीच टाईप केलाय.”

“अहो, मला काय माहीत न्हाई का?” अण्णा शांतपणे म्हणाले. “पण लाल गोल केलेला कागद फाईलला लागलाय. त्याला कोणाचं तरी नाव पाहिजे. विकीचं घालू का? तुमी प्रिंटर बघा.”

मी प्रिंटर बघितला.

बाई एकदा बसस्टँडवर भेटल्या. नेकनूरच्या गाडीची वाट बघत होत्या. कुठे काम मिळालं का, विचारलं. मिळालं नव्हतं.

“जिथं जाते तिथं विचारतेत, बीडची नोकरी कशानं गेली,” त्या म्हणाल्या. “टायपिंगच्या चुकांनी, असं माझ्या तोंडानं सांगावं लागतंय. सर, तुमी तर सगळ्यांपुढं दाखवलं होतं ना?”

मी हो म्हणालो. गाडी लागली, त्या चढल्या.

वर्षभरानं अण्णांचा फोन आला. आवाज चढलेला.

“कसलं मशीन दिलंय तुमी? नवं कोरं, आन् कायबी उमटतंय. अक्षरांवर टिंबं काय, शेपट्या काय! पोरगी बिचारी सकाळपासून रडकुंडीला आलीय. लगेच या!”

गेलो. नवीन कॉम्प्युटर माझ्याकडूनच घेतला होता, पण त्यावर विंडोज विकीनं टाकलं होतं. लेआउट इंटरनॅशनल. बदलला.

“मशीनचंच होतं ना?” अण्णांनी विचारलं.

“मशीनचंच.”

“मी म्हणलंच होतं. पोरीचं काम चोख हाय.”

तक्रारीचा फोन आला की विचारायच्या गोष्टींची माझी एक यादी आहे. मॉडेल कोणतं, विंडोज कोणतं, बिघाड कधीपासून. त्या दिवशी मी तिच्यात सगळ्यात वर एक ओळ घातली: मशीनवर बसतं कोण? बिघाड मशीनचा ठरणार की माणसाचा, ते बहुतेक वेळा तिथंच कळतं.