मेहुण्यांच्या पिकअपचा हौदा

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका गंजाचा वैरी पेण-रोह्याच्या टापूत दुसरा झाला नसेल, आणि तरी गंज सगळ्यांत जास्त त्यांच्याच अंगणात होता. पेणच्या रामवाडीतल्या त्यांच्या घरापुढे एक म्हातारी पिकअप उभी असे. इंग्रज जाताना घाईत ज्या वस्तू विसरले त्यांतली ती एक, असे मी म्हणायचो. मेहुण्यांनी ती खाडीकडच्या एका मिठागरवाल्याकडून घेतली होती. इंजिन अजून तरुण होते. पण मागच्या हौद्यातून जन्मभर मीठ वाहिल्याने त्याचा पत्रा पापडासारखा झाला होता. त्यावर मोठ्याने बोलू नये, असे मला वाटे.

याच गाडीतून दर भाद्रपदात आमचा गणपती हमरापूरहून रोह्याला यायचा. बहिणीचा गणपती भावाने पोचवायचा, हा नियम मेहुण्यांनी स्वतःच केला होता आणि स्वतःच निष्ठेने पाळला होता. पण एका वर्षी खांब गावाच्या आसपास हौद्याचा तळ फाटला आणि मूर्तीच्या पाटाचा एक पाय खाली गेला. गणपती शाबूत आला, मात्र लोडाला टेकून बसल्यासारखा तिरका. नारळ वाटेतच उतरला होता. माझ्या बायकोने मूर्ती ओवाळली, भावाला जेवायला वाढले, आणि ताक वाढता वाढता शांतपणे सांगितले, की पुढल्या वर्षापासून दादाने त्रास घेऊ नये, रोह्याच्याच बाजारातून मूर्ती आणू. मेहुण्यांनी ताक तसेच ठेवले. त्यांच्या घराण्यात यापलीकडे संताप कोणी व्यक्त केलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हौदा हाती घेतला. पेणमधल्या झाडून सगळ्या गॅरेजवाल्यांनी जुना हौदा कापून टाका आणि नवा बसवा, असा सल्ला दिला. मीही तेच बोललो. त्यावर ते म्हणाले, "भावोजी, उद्या तुमची दाढ दुखली तर मुंडकं बदलू काय?" देवाची तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने लख्ख होतात, मग लोखंडाने काय घोडे मारले आहे, असा त्यांचा विचार होता. त्यांनी आमसुले पोत्याने आणली, टबात भिजवली आणि लुंगी खोचून हौदा घासायला बसले. आळीभर सोलकढीचा वास सुटला. येणारा-जाणारा जेवण झाले का विचारी. गंज निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पत्राही बराच निघाला. मग जुन्या पिंपांचे तुकडे कापून त्यांनी जोड दिले आणि लाकडी मोगरीने एकेक पोचा काढला. शर्टाच्या खिशात पत्र्याचा एक तुकडा कायम असे. लग्नकार्यात लोक नवरा-नवरीवर अक्षता टाकत, तेव्हा हे आचाऱ्याच्या पिंपाशी तो तुकडा लावून जाडी ताडत.

मध्यंतरी जुन्या मोटारींचे शौकीन असलेले एक गृहस्थ मुंबईहून हॅट घालून आले. त्यांनी पिकअपला 'आपला वारसा' म्हटले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला आणि आपल्याकडेही अशी एक आहे, ती वर्षातून एकदा मिरवणुकीत निघते, असे सांगितले. मेहुण्यांनी आदराने विचारले, की तिच्यात माल काय भरता. काहीच नाही, असे उत्तर आले. "मग हौदा कशाला ठेवलाय?" असे मेहुण्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारले. गृहस्थ चहा न घेता गेले.

रंगाचे काम त्यांनी हमरापूरच्या एका रंगाऱ्याला दिले. तो जन्मभर गणपतीच रंगवत आला होता. त्याने ऑइलपेंटमध्ये असा काही पिवळा जमवला, की हौदा पितांबर नेसल्यासारखा दिसू लागला. इथवर ठीक होते. पण मूर्तीचे काम डोळ्यांच्या आखणीने संपते, ही त्याच्या हाताला पडलेली सवय. मेहुणे चहा सांगायला घरात गेले, तेवढ्यात त्याने मागच्या फाळक्यावर दोन सुंदर, टपोरे, किंचित ओले वाटणारे डोळे आखले. मेहुणे बाहेर येऊन बघतच राहिले. रंगारी ओशाळून म्हणाला, "शेठ, आखणी केल्याबिगर हात धुवायला जमत नाय."

पुसा म्हटले तर तो कानाला हात लावी. एकदा उघडलेले डोळे मिटायचे कसे? दुसऱ्या दिवशी शेजारणीने फाळक्याला जास्वंद वाहिली. सुकटीच्या पाट्या ठेवायला कोळणी तयार होईनात. खुद्द मेहुणे आता चपला काढल्याशिवाय हौद्यात चढत नसत, मग खाली चिखल असो की शेण. वर्षभर घाम गाळून दुरुस्त केलेल्या गाडीत काय ठेवावे, असा प्रश्न पडलेला मालक मी पहिल्यांदाच पाहिला.

ही बातमी रोह्याला पोचली. एका देवाला दुसऱ्या देवाच्या पाठीवर बसवून आणायचे काय, असे बायकोने मला विचारले, जणू आखणी मीच केली होती. शेवटी चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती स्वतः मला घेऊन रामवाडीला आली. मेहुणे परीक्षेला बसल्यासारखे भिंतीशी उभे. तिने हौद्याला प्रदक्षिणा घातली, जोड चाचपले, तळावर मुठी आपटल्या. मग फाळक्यापुढे बराच वेळ थांबली.

"डोळे बरे काढलेत," ती म्हणाली. "निदान मागचं तरी दिसेल गाडीला."

"बाय, या साली वाकडा नाय येणार."

"मागच्या साली पण हेच बोललास, दादा."

मेहुण्यांनी मान खाली घातली. वर्षभर आमसुलाने रापलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तिने त्या हातांकडे पाहिले, चपला काढून माझ्याकडे दिल्या, पदर खोचला आणि हौद्यात चढून मांडी घालून बसली. "हमरापूरला चल. मूर्ती मी मांडीवर घेणार. वाकडी झाली तर तुझ्याआधी मला कळेल."

त्या दिवशी आम्ही रोह्याला कसे पोचलो ते सांगण्यासारखे नाही, कारण बैलगाड्याही आमच्या पुढे गेल्या. मागे ताडपत्रीखाली ती, मांडीवर तोंड झाकलेला गणपती. मेहुणे दर खड्ड्यापाशी गाडी थांबवत आणि केबिनच्या मागच्या काचेवर बोटांनी टकटक करत. पलीकडून तिची टकटक आली की पुढे निघत. गणपती सरळ आला. मेहुण्यांनी त्या दिवशी दोन वाट्या ताक घेतले.

पुढे कितीतरी वर्षे ती तशीच हौद्यात बसून आली. आता तिच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. ती रोह्याला दारात उभी असते, आणि मूर्ती पेंढ्यात बसवून आम्ही दोघे म्हातारे घेऊन येतो. खड्डा आला की मेहुणे अजून गाडी थांबवतात, न वळता मागच्या काचेवर टकटक करतात, क्षणभर कान देतात आणि मग गियर टाकतात. मी सरळ समोर रस्त्याकडे बघत बसतो. भावाबहिणीच्या बोलण्यात आपण पडू नये.