तिसरं स्टूल

दुपारचं इंजेक्शन अंगात भिनतंय आणि सर्जेरावच्या पापण्या जड व्हायला लागल्यात. पण गडी महाहट्टी! मारामारीत पोटाला सतरा टाके पडलेत, तरी गादीखाली सुरा लपवलाय. उद्या दवाखान्यातून सुटला की आधी पिराजीला गाठायचं. त्याच मारामारीत पिराजीनं ह्याच्या थोरल्या भावाला, धोंडीरामला, संपवला होता.

दवाखान्यातल्या समुपदेशक मुल्ला मॅडम रोजच्यासारखा तो खोटं जग दाखवणारा चष्म्याचा डबा त्याच्या डोळ्यांवर बांधतात. मारामारीत जखमी झालेल्यांनी पुन्हा त्यातच पडू नये म्हणून ही तालीम. आत खरीखुरी वाटणारी चहाची टपरी. कुणीतरी शिवी देतो, टेबलावर सुरा असतो, पलीकडं दार. "तीन मोजेपर्यंत ज्याच्याकडं बघाल, तेच निवडलं म्हणायचं," मॅडम बजावतात. सर्जेराव रोज मुकाट्यानं दाराकडं बघतो आणि मनात हसतो.

आज डब्याआडच त्याचा डोळा लागतो. टपरीत शिवी देणारा नाही. धोंडीदादा बसलाय.

"आलास? ये, जागा धरलीया तुझी."

सर्जेराव निरखून बघतो. तोच आवाज, तोच यंत्रमागात तर्जनी गेलेला हात.

"दादा, तू तर..."

"बस की! चहा निवतोय. पिराजीला उडीवलास की त्याचं भाऊ तुला सोडत्यात व्हय? मग आपण दोघं हितंच."

दादा अगदी मायेनं बोलतोय, त्याचीच जास्त भीती वाटते. आता भोवती माग धडधडतायत. पायाखाली मात्र घरचं अंगण आहे, आईनं सारवलेलं. तिथं तीन स्टुलं मांडलीत.

"तिसरं कुणाचं?"

"आईचं. दोन्ही पोरं गेल्यावर किती दिस काढंल ती?"

सर्जेराव गारठतो. नजर सुऱ्यावर अडकलीय. एक. दोन. आईशप्पथ, मान वळतच नाही! तो जीव खाऊन दाराकडं बघतो. एक.

"जाऊ नगं रं, एकटा हाय मी." दादा त्याचं मनगट आवळतो.

"दोन," सर्जेराव रडत म्हणतो. "माफ कर, दादा. तीन."

मॅडम डबा काढतात. "झोप लागली होती का? किती घाम आलाय तुम्हाला!"

तो मनगट बघतो. निळे वळ उठलेत, अंगठ्याचा आणि तीन बोटांचा. अंगठ्याशेजारची जागा कोरी आहे.

तो गादीखालचा सुरा काढतो आणि मुठीकडनं मॅडमच्या हातात देतो.

"हे घ्या आधी. आणि आईला फोन लावा, मॅडम. ती घरीच हाय न्हवं, बघा."