आईचा झिरा

आयर्लंडला लेकीकडे गेले होते. तिच्या गावचा समुद्रकिनारा दोन टेकड्यांच्या आडोशाला, अगदी शांत. ओल्या वाळूचा वास आला आणि माझे हात आपोआप वाळू उकरू लागले. खड्ड्यात पाणी साचलं, निवळलं, तशी मी ओंजळ तोंडाला लावली. खारट! लेक हसत सुटली. "आई, समुद्र आहे हा!"

मी मात्र चामोर्शीकडच्या आमच्या गावी, वैनगंगेवर पोचले होते. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी वाळूत झिरे खोदायचे. वरच्या अंगाला पाटलांचे, खालच्या अंगाला आमच्या वस्तीचे. आमचा हात लागलेलं पाणी त्यांना चालायचं नाही. मी लहान असताना एक दिवस आई घागर आणि मला घेऊन थेट वर गेली आणि खोदायला बसली.

"तुमची जागा खाली हाये, बाई," पाटील ओरडला.

"पानी वाळूतून येते, पाटील. तुमच्या घरून नाई येत."

मला पळून जायचं होतं. पाणी खालीही होतं. ती मला मुद्दाम वर घेऊन गेली होती, हे आज कळतं. पहिली ओंजळ तिने मलाच पाजली. मी घाबरून घटाघटा प्यायला लागले, तशी ती पाटलाकडे बघत म्हणाली, "घाई काऊन करून राह्यली? हळूहळू पी."