पडद्यावरचे हात बिबिजानचे

हौशीराम मेला तेव्हा ओतूरच्या जत्रेतल्या तंबूत बायकांनी पदर ओले केले. दुसऱ्या दिवशी तोच हौशीराम गोडीशेव खात जत्रेत हिंडत होता, तर त्याच बायका त्याला गाठून सांगत होत्या, “भाऊ, लई झ्याक मेलात हो!” हौशीरामचं मरण खोटं, हे सगळ्यांना पटलं. सोपानचं बाईपण खोटं, तेही पटलं. सबंध सिनेमात खरं ठरलं ते एकट्या बिबिजानचं. आणि तिचं तर तोंडही पडद्यावर नव्हतं!

बिबिजान जुन्नरची बांगडीवाली. नवरा कमरुद्दीन कागद बनवणारा, दिवसभर त्याचे हात लगद्याच्या हौदात आणि जीभ टाळ्याला. घरातलं बोलायचं काम सगळं बिबिजानकडे. जुन्नरपासून आमच्या महाळुंगे पडवळपर्यंत कुणाची लेक उजवायची असली की हळदीच्या दिवशी हिरवा चुडा भरायला बिबिजानच. डोक्यावर पेटी, गालात पान, आणि उंबऱ्याबाहेरूनच हाक: “कुठंय गं माझी नवरी? हात दाव आधी, तोंड मागनं बघते!” मग हात मांडीवर घ्यायची, अंगठ्याचं बूड चेपायची, सासू कशी आहे, दीर किती आहेत, असलं काहीबाही विचारायची, आणि पोरगी उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर. दुखायचं राहूनच जायचं.

तिची उजवी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. ती तेव्हापासून बाहेर निघालेली, वाकडी. या मुलखातल्या बायकांना बिबिजानचं तोंड एखाद वेळ अंधारात ओळखू येणार नाही, पण ती करंगळी? प्रत्येकीनं ती लग्नाच्या आदल्या दिवशी, मान खाली घालून, आपल्याच मनगटाशी पाहिलेली.

आता सिनेमाचं. जुन्नरच्या बाजारात चिमाजी फोटोवाल्याचं दुकान आहे. तो एकदा मुंबईला सिनेमा पाहून आला तो दांडा फिरवून सिनेमा काढायची एक जुनी पेटी घेऊनच. कंपनी नाही, भागीदार नाही. चिमाजी बोलतो नाकातून, आणि ‘तत्त्वतः’ घातल्याशिवाय त्याचं वाक्य उठत नाही. “तत्त्वतः आपल्याला कंपनी हवी कशाला? कुकडीचा काठ आहे, वर सूर्य आहे, नट तर तत्त्वतः गल्लोगल्ली पडलेत.”

सिनेमाचं नाव ‘अभागी सुगंधा’. गोष्ट एवढीच की सुगंधेचा शूर नवरा दरोडेखोरांच्या हातून मरतो, ती बांगड्या फोडते, आणि पुढं तिचे हाल. नवरा झाला बोरी बुद्रुकचा पैलवान हौशीराम, मिशांमुळे. सुगंधा झाला ओतूरच्या लोहाराचा सोपान. बाई कोण उभी राहणार पेटीसमोर? सोपान मेळ्यांमधून बाईचं काम करायचा. तोंड असं गोड की साखर लाजावी. पण बांगड्या फोडायची वेळ आली, आणि चिमाजीला हवे होते जवळून नुसते हात. सोपाननं पदरातून हात बाहेर काढले. घण मारणारे हात ते. चिमाजीनं पेटीतून पाहिलं आणि दांडा सोडला.

“सोपान, तत्त्वतः हा सुगंधेचा हात नव्हे. हा सुगंधेच्या रेड्याचा पाय आहे.”

आता कुठल्या सवाष्णीला म्हणायचं की बाई, जरा बांगड्या फोडून दाखव? चपलेनंच उत्तर मिळालं असतं. तिथं सोपानसाठी बांगड्या घेऊन बिबिजान आलेली. चिमाजी तिच्याकडे वळला.

“तौबा!” बिबिजान म्हणाली. “मी बांगड्या भरते, बाबा. वाढवत न्हाई.”

बांगडी फुटली असं बिबिजान कधी म्हणायचीच नाही. भरताना फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायची आणि नुकसान आपल्या पदरात घ्यायची. बांगडी भरणाऱ्यांची ही रीतच आहे. पण चिमाजी रडकुंडीला आला. ऊन उतरायला लागलेलं, सोपानचा मेळा दुसऱ्या दिवशी निघणार. “कुणाला कळणार नाही, बिबिजान. तत्त्वतः नुसते हात. हाताला काय नाव असतं?”

बिबिजानला दया आली. दया, बरं का! लोभ नव्हे, हौस नव्हे. तिनं सांगितलं, अंगावरच्या बांगड्यांना हात लावणार नाही, पेटीतल्या घालते. मग स्वतःच्या काढून ठेवल्या. पण मनगट रिकामं झालं तरी हात रिकामा पडू नये म्हणून त्यातली एक डाव्या हातात कोपराच्या वर सारून चोळीच्या बाहीखाली दडवली. “कमरुद्दीन बसलाय माझा घरी, खोकत का हुईना,” असं वर म्हणालीही. मग तिनं दोन्ही मनगटं दगडावर आपटली. अशी आपटली की चिमाजी दांडा फिरवता फिरवता ‘तत्त्वतः’ म्हणायचं विसरला.

श्रावणात ओतूरच्या जत्रेत तंबू लागला. मुका सिनेमा, म्हणून पडद्याशेजारी छडी घेऊन चिमाजी स्वतः उभा. “हा पाहा, तत्त्वतः शूर पती पडला!” बायका स्फुंदायला लागल्या. “आणि ही पाहा, अभागी सुगंधा...”

पडद्यावर हात आले. दाराएवढे हात. आपटले. काचा उडाल्या. आणि उजवी करंगळी, केळीएवढी, वाकडी, बाहेर निघालेली.

बायकांच्या बाजूनं रडं एकदम थांबलं.

“अगं बया! ही करंगळी...”

“बिबिजान?”

“आपली बिबिजान बांगड्या फोडतीया!”

आणि अंधारात एकेक बाई आपापल्या मनगटावर पदर ओढायला लागली. पुढं सुगंधेचे काय हाल झाले ते कुणी पाहिलंच नाही.

त्यानंतर जे झालं ते ऐकून माणसानं हसावं की कुणाच्या तरी टाळक्यात घागर घालावी? सिनेमाच्या जाहिरातीत नावं कुणाची? चिमाजीचं, हौशीरामचं, सोपानचं. हातांना नाव नसतं ना! त्या सिनेमावर सोपानला पुण्याच्या एका नाटक कंपनीनं उचललं, आणि कुण्या रसिकानं त्याच्या छातीवर पदक लावलं. कशासाठी? तर ‘विधवेच्या करुण अभिनया’साठी! करुण कुणाचे हात, पदक कुणाच्या छातीवर? हौशीरामला कोल्हापूरकडच्या सिनेमावाल्यांनी बोलावलं. तिथं तो दर सिनेमात मरतो. गावी आला की पारावर बसून बेंबीच्या देठापासून सांगतो, “आमी मरायला लागलो का समदं पब्लिक गप हुतंय, राव.” लोक त्याला विडी देतात.

आणि बिबिजान? बाजारात तिची पेटी दिसली की बायका पलीकडच्या कडेनं जायच्या. पोरीबाळी “बिबिजान मावशी” म्हणून धावल्या तर आया मागनं ओढायच्या. ती बिचारी प्रत्येकीला बाही वर करून सांगायची, “ही बघ, इथं एक ठिवली व्हती. हात रिकामा न्हवता!” पण पडद्यावर कोपर नव्हतंच. जे पडद्यावर नाही ते खोटं, आणि जे पडद्यावर आहे ते खरं. पण हौशीरामचं मात्र उलटं! हा न्याय कुठल्या चावडीवरचा, कोण जाणे.

माघात आमच्या गावच्या साळुबाई पाटलिणीच्या सोनीचं लग्न निघालं. साळुबाईचा स्वतःचा चुडा बिबिजाननं भरलेला. सोनी पाळण्यात होती तेव्हा बिबिजाननंच तिच्या इवल्या हातात काळ्या बांगड्या घातल्या आणि म्हणाली होती, “हिचा हिरवा चुडाबी माझ्याच हातचा.” पण बोलावणं गेलं खेडच्या धर्माजी कासाराला. हे जुन्नरात कळलं, आणि हळदीच्या दिवशी बिबिजान न बोलावता पेटी घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिली. ‘कुठंय माझी नवरी’ ही हाक तिनं मारली नाही.

साळुबाई पुढं आली. तिची बोलायची एक तऱ्हा आहे. आधी ‘मी काय म्हन्ते’, मग उसासा, मग विष. “मी काय म्हन्ते, बिबिजान, तू आलीस ते बरं केलंस. जेवून जा. पन चुड्याचं... मी काय म्हन्ते, ज्या हातानं फोडल्या त्याच हातानं पोरीला भरायच्या? उगं कशाला?”

“साळुबाई, तुमचा चुडा कुनी भरला व्हता?”

“तवाचं येगळं.”

“पाटील जित्ते हायेत न्हवं?”

साळुबाई चपापली. मागून बायकांनी कुजबुज करून तोड काढली. पहिली बांगडी धर्माजी भरेल, शकुनाची. मग हवं तर उरलेल्या बिबिजाननं भराव्यात, मागल्या पडवीत, कुणाच्या डोळ्यांवर न येता.

बिबिजाननं पेटी उचलली. “पहिली माझ्या हातची, न्हाईतर एकबी न्हाई.” आणि वेशीजवळच्या मारुतीच्या पारावर नारायणगावच्या गाडीची वाट बघत जाऊन बसली.

इकडं धर्माजी कासारानं सोनीचा हात धरला. धर्माजी माणूस वाईट नाही, पण घाईचा. सोनीच्या हाताचं हाड रुंद, शेतात राबलेलं. त्यानं पहिली शकुनाची बांगडी घातली ती अंगठ्याच्या बुडाशी जाऊन रुतली. वर जाईना, खाली येईना. त्यानं दाबली, सोनी किंचाळली. त्यानं ओढली, हात सुजला. सुजला तशी बांगडी मांसात बसली आणि बोटं निळी पडायला लागली.

“मोडा तिला,” कुणीतरी पुरुषमाणूस बोलला.

“तोंड सांभाळा!” चारी बाजूंनी बायका उसळल्या. हळदीच्या अंगानं नवरीच्या हातात पहिली बांगडी मोडायची? कोण मोडणार? धर्माजीनं हात मागं घेतले. साळुबाईनं जावांकडं पाहिलं, जावांनी आढ्याकडं पाहिलं. तेव्हा साळुबाईला सुचलं. असलं तिलाच सुचतं.

नवरीचा मामा कोण, तर आपला हौशीराम, साळुबाईचा सख्खा भाऊ. मांडवात लाडू खात बसला होता. त्याला पारावर पिटाळलं.

हौशीराम तिथं जाऊन उभा राहिला. पडद्यावर वाघासारखा मरणारा माणूस, पण बोलताना चुळबुळ. “बिबिजान, आक्का काय म्हन्ती... सोनीच्या हातात बांगडी आडकलीया. हात निळा पडलाय. तर आक्का म्हन्ती, तुझ्या हाताला तो डाग लागलाच हाय, मंग तूच येऊन वाढव. दुसऱ्या कुनाला कशाला पाप?”

तो काय बोलला ते त्याला स्वतःला तरी कळलं का, देव जाणे. बिबिजाननं पानाची पिंक टाकली.

“हात निळा म्हन्लास?”

“व्हय.”

“चल म्होरं. आन मिशीला लाडू लागलाय, पूस.”

मांडवात ती सरळ सोनीपाशी बसली, तिचा हात धरून डोक्याच्या वर उंच केला. “आसाच धर, बाळा. रगत उतरू दे खाली. रडू नगंस, तुजी बांगडी कुनी मोडत न्हाई.” मग गार पाणी आणि रिठ्याचा फेस मागितला, आणि सोनीचं मनगट चेपता चेपता, मान वर न करता, विचारलं, “साळुबाई, ह्यो कोन उभा हाय?”

“कोन? हौशीराम. माजा भाऊ.”

“जित्ता का मेलेला?”

“मी काय म्हन्ते, शुभकार्यात हे काय बोलनं?”

“मी ज्याच्या नावानं बांगड्या वाढवल्या त्यो ह्योच न्हवं? मेला ह्यो, म्हनून मी वाढवल्या. आन ह्यो सकाळधरनं लाडू खातोय तुमच्या मांडवात! उद्या ह्योच नवरीला उचलून बोहल्यावर नेनार. मेलेला मामा चालतो तुमाला, आन माझा हात चालंना?”

हौशीरामनं हातातला लाडू पाठीमागं लपवला.

“बोल की, हौशीरामभाऊ! तंबूत सांगायला चिमाजी व्हता. हितं तुजं तू सांग.”

हौशीरामनं घसा खाकरला. मिशी पुसली. “आक्का,” तो म्हणाला, “म्या न्हाई मेलो.”

मांडवाच्या टोकाला कुणाला तरी हसू फुटलं आणि खोकल्यात दडलं. बिबिजान मात्र हसली नाही. हाताची सूज उतरली होती. तिनं सोनीच्या अंगठ्याचं बूड आतल्या बाजूला दुमडलं, वाकडी करंगळी बांगडीखाली सरकवली, फेस सोडला आणि विचारलं, “सासूबाई कशा हायेत गं तुज्या? पान खात्यात का तंबाखू?”

“तंबाखू,” सोनी हुंदका देत म्हणाली, आणि तेवढ्यात बांगडी तिच्या बोटांवरून बाहेर आली. अखंड. बिबिजाननं ती उजेडात धरून सगळ्या बायकांना दाखवली. साध्या चिरेचंही नाव नव्हतं. ती तिनं धर्माजीच्या टोपलीत ठेवली. “तुमची वस्तू. जपा.”

मग आपली पेटी उघडली. हिरव्या बांगड्यांतून एक काढली आणि थांबली. साळुबाईकडं बघितलंच नाही तिनं. सोनीकडं बघितलं. सोनीनं तोच सुजका, लाल झालेला हात पुढं केला. “मावशी, पयली तूच भर.”

पहिली भरली, मग बाकीच्या. मांडवाच्या मधोमध. साळुबाईच्या तोंडून ‘मी काय म्हन्ते’ एकदा निघालं, पण पुढं काही आलं नाही. चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणं सोनी वाकली, आणि बिबिजानच्या पायांशी नाही, तर हातांशी वाकली. साळुबाईला नारळ आणून द्यावा लागला.

बिबिजाननं नारळ पेटीत टाकला, पेटी डोक्यावर घेतली. दारात हौशीराम उभा होता, वाट सोडून, अगदी सिनेमातल्यासारखा छाती काढून.

“भाऊ,” ती म्हणाली, “पुन्यांदा मरशील तर मर खुशाल. पन हात तुझ्या बायकोचं दाखव.”