कूलरवाली टोळी

किस्से ठरवून कुणी गोळा करत नाही. ते बसल्या बसल्या जमतात, आणि बसण्याच्या बाबतीत आम्हा मांजरांचा हात कुणी धरू शकत नाही. थंडीच्या दुपारी मरोद्यातल्या आमच्या क्वार्टर लाइनच्या मागच्या भिंतीवर तिघी-चौघी उन्हाला पसरल्या, की एकीनं नुसती शेपटी हलवायचा अवकाश, दुसरी म्हणतेच, "ते आठवते का गं, त्या दिवशीचं?" मग चार वाजेपर्यंत कुणी हलत नाही.

आजूबाजूच्या टोळ्या आम्हाला 'कूलरवाल्या' म्हणतात. नागपूरकडून या हिंदी मुलखात आलेल्या एका मराठी कुटुंबाच्या क्वार्टरमागे आमचा मुक्काम. काका पोलादाच्या प्लांटमध्ये, काकू स्वयंपाकघरात, आणि मागच्या व्हरांड्यात दिवाळीपासून पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवलेला त्यांचा मोठा लोखंडी कूलर. त्यातल्या वाळक्या गवतात आमच्या तीन पिढ्या जन्मल्या. टोळीची प्रमुख भुरीमावशी. ती माझी सख्खी मावशी, पण तिला मावशी सगळेच म्हणतात. बोलते अगदी काकूंसारखं. आमची धाकटी पिंकी मात्र भिंतीच्या आत मराठी आणि भिंतीवर चढली की हिंदी.

०००

प्लांटच्या गावातली मांजरं म्हटल्यावर शिफ्ट आलीच. पिल्लं कुणाचीही असोत, जी ड्युटीवर असेल तिनं ती पाजायची, चाटायची, राखायची. भोंगा झाला की बदली येणार, नाकाला नाक लावणार, मग पहिलीनं उठायचं. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा मावशीचा नियम.

एकदा पिंकी आलीच नाही. कुणाच्या तरी गाडीच्या गरम बॉनेटवर तिला डोळा लागला होता. मी सकाळची शिफ्ट केली, दुपारचीही केली. पाठ आखडली, पिल्लांनी मला पार पिळून काढलं. संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, डबल ड्युटीचं काही मिळेल का, निदान उद्याची सुटी?

मावशीनं सावकाश जांभई दिली. "ओव्हरटाइम बंद झाला," ती म्हणाली. "पेपरात आलं होतं. मी त्याच पेपरवर झोपली होती."

०००

बोक्यांना टोळी नसते, त्यांचा टूर असतो. आमच्याकडे येणारा बोका म्हणजे सेठ. अंगानं भरलेला, एक कान फाटका. एकदा लाइनमधलं एक कुटुंब दुर्गला पद्मनाभपूरला राहायला गेलं, तर हा टेम्पोत गाद्यांवर झोपलेला. सामानासोबत पोचला.

महिन्याभरानं परत आला तो गळ्यात लाल पट्टा आणि पट्ट्याला घुंगरू! आम्ही भिंतीवरून बघतच राहिलो. तो म्हणे, डेप्युटेशनवर गेलो होतो. मोठं घर, सोफा, उकडलेली कोंबडी, झोपायला वेगळी उशी. मग परत कशाला आला, असं विचारलं तर म्हणाला, मन नाही लागलं. तीन दिवस चालत आला होता, पंजे सोलले होते, पण तोरा कमी नव्हता.

बोक्यांवर मावशीचा विश्वास नाही. पिल्लांच्या आसपास ती त्यांना फिरकू देत नाही. तिनं सेठभोवती एक चक्कर मारली, घुंगरू नाकानं हलवून बघितलं.

"बेस झालं," ती म्हणाली. "आता तू येऊन राहिला ते आमाले आधीच समजेल."

त्या दिवसापासून सेठला एकही उंदीर सापडलेला नाही.

०००

माणसं आम्हाला वाघाची मावशी म्हणतात. आमचा हा भाचा जवळच्याच प्राण्यांच्या बागेत असतो, पांढरा आहे, कधी कधी सकाळी त्याची डरकाळी लाइनपर्यंत ऐकू येते. पिंकीला एकदा लहर आली. नात्यातला आहे, मग आपण कधीच कसं जात नाही? मी तिच्यासोबत गेले, कारण ती एकटी गेली असती तर परत आली नसती.

बाग उघडायच्या आत आम्ही कुंपणाखालून शिरलो. भाचा खंदकाच्या पलीकडे पडला होता. त्याचा एक पंजा म्हणजे अख्खी पिंकी. ही कठड्यावर चढली आणि म्हणाली, "मौसी हूँ तेरी. नमस्ते कर." भाच्यानं एक डोळा उघडला, पिंकीला बघितलं आणि पुन्हा मिटला. तेवढ्यानंच पिंकी पळत सुटली ती घरी येईपर्यंत थांबली नाही.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याला खायला कोण देतं? आम्ही सांगितलं, माणसं देतात, रोज ठरल्या वेळेला. आजारी पडला तर? डॉक्टर येतो. बाहेर जाता येतं का? नाही, दार बंद असतं.

मावशीनं पंजा चाटला. "म्हणजे पर्मनंट आहे," ती म्हणाली. "आपण ठेक्यावर."

०००

थंडी उतरायला लागली होती तेव्हा हथखोजवाली आली. पत्रे घेऊन आलेल्या पिकअपमधून उतरली, तोंडात एकच पिल्लू. तिकडे हथखोजला कारखान्याच्या शेडमध्ये ती एकटी राहायची, उंदीर मारायची. शेडला कुलूप लागलं तेव्हा पिल्लू उचलून समोर दिसली त्या गाडीत चढली. मूळचा रंग कोणता ते कळत नव्हतं, सगळी ग्रीसनं काळी. पिल्लूही काळं.

मांजरीला टोळी कशाला लागते, हे माणसांना सांगावं लागतं. शिकारीला जायचं तर पिल्लू कुणाजवळ ठेवायचं? पिल्लाजवळ बसायचं तर खायचं काय? एकटीचं पिल्लू क्वचितच जगतं. हथखोजवालीचं दूध आटत चाललं होतं, ते तिच्या पोटाकडे बघूनच समजत होतं.

ती भिंतीखाली उभी राहून मावशीला म्हणाली, "ड्यूटी कर लूँगी, बाई. जो बोलोगी वो. बस इसको अंदर ले लो."

मावशी म्हणाली, "जागा नाही."

जागा होती. पण खूप आधी मावशीनं एक परकी आत घेतली होती, तिच्यासोबत आजार आला आणि त्या वेळची सगळी पिल्लं गेली. तेव्हापासून भिंतीच्या आत फक्त आपल्या वासाची. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मला मावशीचा राग आला. हथखोजवालीनं वाद घातला नाही. लाइनच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली पिल्लू ठेवलं आणि बसली.

०००

पिंकीनं मग डोकं चालवलं. वासाचाच प्रश्न आहे ना? आमच्या झोपायच्या बोऱ्याचा एक तुकडा तिनं ओढत टाकीखाली नेला. हथखोजवाली आणि तिचं पिल्लू त्यावर दोन दिवस लोळले. लोळायचं कसं, ते पिंकीनं स्वतः लोळून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी हथखोजवाली भिंतीशी आली. मावशीनं वरूनच नाक पुढे केलं.

"वरून आमचा आहे," ती म्हणाली. "खाली ग्रीस आहे."

हथखोजवाली परत गेली. मागोमाग पिंकी ड्युटीवर हजर व्हायला आली, तर मावशीनं तिलाही अडवलं. पिंकी म्हणते, "मौसी, मैं हूँ, पिंकी!" मावशी म्हणते, पिंकीचा वास असा नाही. बिचारी दुपारपर्यंत भिंतीबाहेर बसून अंग चाटत होती. तिच्या जागी ड्युटी अर्थात मलाच पडली.

०००

होळी झाली आणि एका दुपारी ऊन एकदम चढलं. एरवी काका कूलर उशिरा काढतात, तोवर पिल्लं धावायला लागलेली असतात. यंदा पाचही पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. तीन पिंकीची, दोन माझी. ड्युटी मावशीची होती. पिंकी मासळीच्या ठेल्यामागे गेलेली, मी चार घरं सोडून एका पत्र्यावर पडलेले.

लोखंड घासल्याचा आवाज आला तशी मी मान वर केली. काकांनी कूलर अंगणात ओढला होता. एका बाजूची जाळी काढली, खालच्या टाकीत पाइप सोडला, नळ चालू केला आणि स्क्रू पिळायचा पेचकस आणायला आत गेले. गवताच्या आत, तळाशी, माझी पिल्लं होती.

मी धावत सुटले. धावतानाच मला दिसलं, मावशी कूलरमध्ये शिरली, एक पिल्लू मानेला धरून उचललं. ते पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. मला काही उमजेना. आणि मग उमजलं. किती तरी दिवस मावशी माशांची डोकी आम्हाला देत होती, "तुम्ही खा, मले नको" म्हणायची, स्वतः काकूंचा दूधभात तेवढा चाटायची. आम्ही समजत होतो, मोठेपणा आहे. तिच्या तोंडात दात राहिले नव्हते.

माझ्या आधी लाइनच्या टोकाच्या टाकीकडून हथखोजवाली आली. भिंत चढली आणि विचारल्याशिवाय आत उतरली. पाणी गवताला लागलं होतं. मावशीनं तिच्याकडे बघितलं. मी अजून दोन घरं लांब होते, तरी मला ऐकू आलं.

"उचल."

तिनं तीन नेली, मी दोन. बाजूच्या स्कूटरच्या शेडमध्ये, बोऱ्यांवर. काका बाहेर आले, गवत ओलं झालं म्हणून स्वतःवरच चिडले आणि नळ बंद केला.

पिंकी पोचली, पाचही पिल्लांना चाटायला बसली. हथखोजवालीनं मागे वळून बघितलं नाही. काम झालं होतं, परकीनं आत राहायचं नाही हा नियम तिला माहीत होता. ती भिंतीवर चढली आणि तिथंच थांबली.

मी तिच्यामागे जाऊन बघितलं. टाकीकडून नालीच्या काठानं मावशी येत होती. तोंडात ते काळं पिल्लू. दोन पावलं टाकली की ते निसटायचं, मावशी ते नाकानं सरळ करायची, पुन्हा धरायची, पुन्हा दोन पावलं. हथखोजवाली खाली उतरली, घ्यायला तोंड पुढे केलं, तर मावशीनं मान फिरवली. मग ती नुसती बाजूनं चालत राहिली.

भिंतीखालच्या मोरीच्या भोकातून मावशीनं पिल्लू डोक्यानं आत ढकललं आणि मागून स्वतः आली. तोंड ग्रीसनं काळं झालेलं.

"मावशी, हे काय करून राहिली तू?" मी विचारलं.

तिला दम लागला होता.

"सहा होते," ती म्हणाली. "तुम्ही पाचच आणले."

आणि पिल्लाची मान पुन्हा हिरड्यांत धरली.