नदाफ गुरुजींचे पिवळे रान

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावातली पोरे दप्तराबरोबर रंगाचे डबे घेऊन शाळेत जायची. बैलांची शिंगे रंगवून उरलेला तो रंग. कुणाच्या डब्यात बोटभर हिरवा, कुणाच्या तळाला चिकटलेला पिवळा. नदाफ गुरुजी ते डबे व्हरांड्यात मांडायचे, त्यांत रॉकेलचे चार थेंब टाकायचे, काडीने ढवळायचे आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढायचे. समोरच्या भिंतीवर आमचे गाव होते.

गाव हातकणंगल्याच्या बाजूला. खाली नदी, नदीकाठी काळी जमीन, मग वस्ती आणि वस्तीच्या वर तांबूस माळ. तालुक्याच्या नकाशात आमचा नुसता ठिपका होता, नाव नव्हते. गुरुजी नवे नवे नोकरीला लागले तेव्हा त्यांना हे फार लागले. "ज्या पोराला सवताचं गाव घावत न्हाय, त्येला हिमालय दावून काय करू?" असे म्हणून त्यांनी भिंतच रंगवायला घेतली. एका वितीला हजार फूट, हे प्रमाण. उसाला हिरवा, भुईमुगाला तपकिरी, मिरचीला लाल, जोंधळ्याला पिवळा. आधी चौथीचा वर्ग घेऊन सगळे शिवार पालथे घालायचे आणि कुणी काय पेरले ते बघून मगच रंग लावायचे. मी त्यांच्या चौथीत होतो. बांधावरून चालता चालता ते विचारायचे, "गाव आधी नदीकाठाला हुतं, मग वर का सरकलं?" आम्ही नदीकडे बघायचो. "पाणी घरात शिरायला लागलं म्हणून. मग कुंभार खालीच का ऱ्हायलं?" मग आम्ही कुंभारवाड्याकडे बघायचो. "माती तिथं हाय म्हणून, लेकानू! काल काय हुतं त्यो इतिहास, आज काय हाय त्यो भूगोल. पेपरात दोन येगळं येगळं इचारत्यात, रानात एकच अस्तंय."

पुढे मी कोल्हापूरला शाहूपुरीत एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागलो, पण राहायला गावातच, गुरुजींच्या शेजारी. भेटले की म्हणायचे, "काय रं हिशेबनीस, आमच्या भिताडाचा ताळेबंद कधी करणार?" मी खरेच करायचो. दर बेंदराला सुतळी घेऊन कोणता रंग किती जागेवर आहे ते मोजायचो. मी चौथीत असताना निम्मी भिंत पिवळी आणि तपकिरी होती. पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन माळावर चढली, तिच्यामागून हिरवा रंगही चढला. लाल आधी संपला, मग तपकिरी. त्यानंतर एक पांढरा रंग आला. तो प्लॉटचा. गावाची नगरपंचायत झाली तशी माळावरची एकेक पट्टी पांढरी होऊ लागली. गुरुजी निवृत्त झाले तरी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. पोरांच्या डब्यांत मात्र रंग कमी येऊ लागला. "ट्रॅक्टरला शिंगं न्हाईत, मग रंग कुठनं उरणार?" म्हणायचे आणि स्वतः दुकानातून डबा आणायचे.

एका वर्षीची गोष्ट. माळाच्या कडेच्या एका तुकड्यावर ते पांढरा ब्रश टेकवणार, तोच चौथीतल्या एका मुलीने त्यांचा सदरा धरला. "गुरुजी, आमचं रान हाय ते. पिवळंच ऱ्हाऊ दे की."

"इकलं न्हवं बाळा तुझ्या बानं?"

"इकलं. पर भिताडावर ऱ्हाऊ दे."

गुरुजी स्टुलावरून उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "उद्या कोण पावणं भिताड बघून तुझं रान हुडकत जाईल आन् तिथं बंगला लागंल. मग त्यो म्हणंल, मास्तर खोटारडा हाय. चालंल तुला?" मुलीने नाही म्हणून मान हलवली, पण रडतच होती. गुरुजींनी तुकडा पांढरा केला. त्या दिवशी ते माझ्याबरोबर घरी आले. दारात आल्यावर एवढेच म्हणाले, "खरं शिकवणं सोपं न्हाय रं. त्यातनं दुसऱ्याच्या लेकराला."

त्यांचे स्वतःचे रान माळावर होते, दोन एकर. वडिलांनी कापूस पिंजून पिंजून घेतलेले. पाइपलाइनचे पाणी बांधापर्यंत आले तरी गुरुजी जोंधळाच करायचे. लोक चेष्टा करायचे, "मास्तर, पाखरांस्नी जेवान घालताय व्हय?" ते म्हणायचे, "भाकरी उसाची हुत्या का सांगा, उद्याच लावतो." शेवटी अशी वेळ आली की सगळ्या भिंतीवर पिवळा तुकडा एकच उरला आणि तो त्यांचा होता. ते कधी बोलले नाहीत, पण ब्रश शेवटी तिथेच यायचा आणि तिथे ते जास्त वेळ लावायचे, एवढे मी पाहिले आहे.

मग चाचींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, दोन्ही मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला डायलिसिससाठी न्यावे लागायचे. पेन्शन त्यातच जायची. पुढे मुलीने, जी मिरजेला दिलेली आहे, आपले एक मूत्रपिंड द्यायचे ठरवले. ऑपरेशनसाठी रान विकायला काढावे लागणार होते. चाची माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "मी काय शंभर वर्सं जगणार हाय? रान ऱ्हाऊ द्या." गुरुजी चिडले. "रान तुझ्यासाठी हाय का तू रानासाठी हाईस?" आणि मग माझ्याकडे वळून, "हिशेबनीस, तू सांग हिला. ह्यात काय हिशेब घालायचा अस्तोय व्हय?"

रान गेले. ऑपरेशन झाले. चाची वाचल्या. बेंदूर यायच्या आत माळावर चुन्याच्या रेघा पडल्या आणि नंबर लिहिलेले दगड रोवले गेले.

त्या वर्षी मी मुद्दाम रजा काढून शाळेत गेलो. गुरुजींनी बाकीची भिंत नेहमीसारखी रंगवली. मग पिवळ्या तुकड्यापाशी येऊन थांबले. शाळेच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "गुरुजी, एवढं एक राहू द्या. आठवण म्हणून." मीही म्हणालो, "कुणाला काय कळतंय? राहू द्या."

"पोरांस्नी कळतंय," ते म्हणाले. "रोज त्याच वाटंनं येत्यात ती. दगडं दिसत्यात त्यास्नी."

त्यांनी पांढरा डबा जवळ ओढला. एवढ्या वर्षांत त्यांचा रंग कधी रेषेबाहेर गेल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी गेला. शेजारच्या उसावर पांढरा ओघळ उतरला. गुरुजी घाबरल्यासारखे झाले. सदऱ्याचे टोक रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी तो ओघळ हळूहळू पुसला आणि मला म्हणाले, "बघ रं, शेजाऱ्याच्या बांधावर कुठं पांढरं ऱ्हायलं न्हाय न्हवं? लांबनं बघ." मी लांब जाऊन पाहिले आणि नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी उरलेला पिवळा झाकला. त्यांनी पोरांकडे तोंड केले आणि रोजच्या आवाजात विचारले, "आता सांगा, ह्या वर्षी गावात जोंधळा कुठं हाय?" मागून कोणीतरी म्हणाले, "कुठंच न्हाय, गुरुजी." "बरोबर," ते म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

दिवाळीच्या आधी गुरुजी गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मी आकड्यांचा माणूस, पुराव्याशिवाय कारण जोडणार नाही. पण बेंदरापासून ते भाकरी अर्धीच खायचे, हे चाचींनी मला सांगितले होते.

मुलगी चाचींना मिरजेला न्यायला आली. निघायच्या सकाळी चाची माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावा, मला तेवढं भिताड दाव. संसार झाला सगळा, मी कधी बघितलंच न्हाय. त्यांचा उद्योग म्हणायची." मी त्यांना शाळेत घेऊन गेलो. रविवार होता, व्हरांडा मोकळा होता. त्यांनी नदी ओळखली, कुंभारवाडा ओळखला, मशीद आणि तिच्यामागचे स्वतःचे घर ओळखले. मग माळाकडे बघत म्हणाल्या, "आमचं कुठलं?"

मी बोट ठेवून दाखवले. चाचींनी आपला तळहात तिथे टेकवला. सगळे रान हाताखाली झाकले गेले.

"एवढंच?"

"प्रमाणात काढलंय, चाची. एवढंच."

त्यांनी हात काढला नाही. "भांगलाय बसलं की ह्या बांधापास्नं त्या बांधापतूर एक पात सरायची न्हाय रं," त्या म्हणाल्या. "दिवस बुडायचा, पर पात सरायची न्हाय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलीने हाक मारली. चाची तरी हात तसाच ठेवून उभ्या होत्या.